जुन्नरच्या लेण्यांतील खुणा आणि कर्नल साइक्स यांचे पत्र

१८३७ साली लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकाच्या चौथ्या खंडात जुन्नरजवळच्या बौद्ध लेण्यांमधील शिलालेखांच्या नकला प्रसिद्ध झाल्या. त्यांच्यासोबत छापलेला मजकूर हा मुंबई इलाख्याचे माजी गव्हर्नर सर जॉन माल्कम यांना कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांनी लिहिलेल्या पत्राच्या रूपात होता. पत्र छापून आले तेव्हा माल्कम यांच्या मृत्यूला चार वर्षे लोटली होती, आणि पत्रात उतरवलेली अक्षरे नक्की काय सांगतात हे ते लिहिणाऱ्यालाही ठाऊक नव्हते. तरीही पश्चिम भारताच्या प्राचीन इतिहासाच्या अभ्यासात या लहानशा पत्राला मानाचे स्थान द्यावे लागते, कारण सह्याद्रीतल्या दगडांवर सतराअठराशे वर्षे किंवा त्याहूनही अधिक काळ अबोल राहिलेल्या खुणा, त्या वाचू शकतील अशा लोकांच्या टेबलापर्यंत पोचवण्याचे काम ज्या मोजक्या कागदांनी केले, त्यांपैकी हा एक आहे.

या खुणा एकाच जातीच्या नव्हत्या, आणि ही गोष्ट ध्यानात आल्याशिवाय पुढच्या पन्नास वर्षांची कथा नीट कळत नाही. लेण्यांच्या भिंतींवर मुख्यतः अक्षरे होती, म्हणजे आज जिला ब्राह्मी म्हणतात त्या लिपीतील मजकूर होता. काही ठिकाणी अक्षरांच्या ओळीत मध्येच वेगळ्या वळणाच्या आकृत्या येत, त्या अंक होते. आणि लेखांच्या आरंभी किंवा शेवटी स्वस्तिकासारखी काही चिन्हे कोरलेली असत, जी ना अक्षरे होती ना अंक. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हा फरक कळण्याची सोय नव्हती. त्याच्यासमोर सगळ्या सारख्याच अनोळखी रेघा होत्या, आणि त्यातली कोणती महत्त्वाची, कोणती टाकीच्या घसरण्याने उमटलेली, कोणती पावसाने झिजलेली, हे ठरवण्यासाठी त्याच्याजवळ डोळ्यांखेरीज दुसरे साधन नव्हते.

साइक्स हे पेशाने सैनिक होते. १७९० मध्ये जन्मलेला हा माणूस ऐन तारुण्याच्या उंबरठ्यावर कंपनीच्या मुंबई सैन्यात दाखल झाला आणि पेशवाईच्या अखेरच्या खडकी व पुणे येथील लढायांत देशी पलटणींचा अधिकारी म्हणून लढला. पेशवाई बुडाल्यावर नव्या मुलखाची नीट माहिती सरकारला हवी होती, म्हणून गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी १८२४ मध्ये साइक्स यांची सांख्यिकी माहिती गोळा करणारा अधिकारी म्हणून नेमणूक केली. पुणे, अहमदनगर, खानदेश आणि धारवाड या चार जिल्ह्यांची पाहणी हे त्यांचे काम होते आणि १८३१ पर्यंत ते त्यात गुंतलेले होते. पिके, जमीनधारा, पाऊस, हवेचा दाब, लोकसंख्या, मासे, पक्षी, जनावरे असे काहीही त्यांच्या वहीतून सुटले नाही. दख्खनमधील रानकुत्र्याचे, म्हणजे कोळसुंद्याचे, शास्त्रीय वर्णन त्यांनी १८३१ मध्ये केले आणि त्याच्या शास्त्रीय नावात दख्खन हा शब्द घातला. लेणी पाहणे हा या माणसाच्या सरकारी कामाचा भाग नव्हता. तथापि वेरूळच्या लेण्यांवर त्यांनी आधीच लिहिले होते, आणि मुंबईच्या लिटररी सोसायटीने ते १८२३ मध्ये छापले होते.

ज्या काळात हे घडत होते तो पुणे जिल्ह्याच्या दृष्टीने मोजणीचा काळ होता. जिल्ह्याच्या पूर्व टोकाला असलेल्या इंदापूर तालुक्यात १८३५ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी जमिनीची नवी मोजणी व आकारणी सुरू केली, आणि तिथे बसवलेली पद्धत पुढे सबंध मुंबई इलाख्याला लागू झाली. शेताच्या बांधापासून पावसाच्या इंचांपर्यंत सगळे कागदावर आणण्याच्या या प्रशासकीय ध्यासातूनच भिंतीवरची न कळणारी अक्षरेही कागदावर आणावीत ही वृत्ती आली असे म्हणणे चुकीचे ठरणार नाही. राज्यकर्त्यांचा हेतू महसुलाचा होता हे खरे आहे, पण त्या सवयीचा लाभ इतिहासाला झाला हेही तितकेच खरे आहे.

जुन्नर हे या कामासाठी अत्यंत संपन्न क्षेत्र होते. गावाभोवतीच्या डोंगरांत, म्हणजे शिवनेरीच्या कड्यांत, लेण्याद्रीवर, मानमोडीच्या रांगेत आणि तुळजा लेण्यांच्या परिसरात, मिळून दोनशेच्या आसपास खोदकामे आहेत आणि त्यांत चैत्यगृहे, म्हणजे स्तूप असलेली उपासनागृहे, विहार, म्हणजे भिक्षूंच्या निवासाची दालने, आणि पाण्याची टाकी हे सर्व प्रकार आढळतात. अनेक लेख दरवाजाच्या वर किंवा टाक्याच्या खोबणीत अशा जागी आहेत की त्यांच्यासमोर सरळ उभे राहता येत नाही. अशा ठिकाणी त्या काळी नक्कल घ्यायची म्हणजे लेखाकडे पाहत पाहत हाताने अक्षर काढायचे, आणि ज्याला अक्षर माहीत नाही त्याने काढलेले अक्षर बहुधा किंचित बिघडायचे. आडवी रेघ जरा लांबली की मात्रा वाढते, टिंब सुटले की अनुस्वार जातो, आणि दगडातला खड्डा अक्षराचा भाग समजला गेला की शब्दच बदलतो. पुढच्या काळात यावर ठसा घेण्याची रीत रूढ झाली. ओला कागद लेखावर पसरून तो ब्रशने ठोकत खोबणीत बसवायचा, मग शाईच्या बोंडाने हलके टिपायचे, म्हणजे पृष्ठभाग काळा होतो आणि कोरलेली अक्षरे पांढरी राहतात. दगड जसा आहे तसा कागदावर येतो आणि पाहणाऱ्याच्या समजुतीची भर त्यात पडत नाही. साइक्स यांच्या पिढीजवळ ही सोय नव्हती, हे त्यांच्या नकलांतील उणिवा मोजताना विसरता कामा नये.

पत्र छापले गेले त्याच वर्षी, १८३७ मध्ये, कलकत्त्याला टांकसाळीचे अधिकारी जेम्स प्रिन्सेप यांनी ब्राह्मी लिपीचे कुलूप उघडले. सांचीच्या स्तूपाभोवतीच्या कठड्यावर अनेक छोटे छोटे लेख होते आणि त्यांतील बहुतेक लेख त्याच दोन अक्षरांवर संपत होते. इतक्या लोकांनी इतक्या खांबांवर एकच शब्द लिहिला असेल तर तो देणगीचा असणार, या तर्काने प्रिन्सेप यांनी ती अक्षरे ‘दानं’ अशी वाचली आणि त्यातून द, न आणि अनुस्वार हाती लागल्यावर बाकीची वर्णमाला भराभर उलगडत गेली. जुन्नरच्या लेखांतही असाच एक परत परत येणारा शब्द आहे, तो म्हणजे ‘देयधम’, अर्थात धर्मार्थ दिलेली वस्तू. लिपी वाचता येऊ लागल्यावर जी लेणी पांडवांनी एका रात्रीत खोदली असे गावोगाव सांगितले जाई, त्यांना खरे कर्ते मिळू लागले. लेण्याद्रीचे चैत्यगृह कल्याणच्या हेरणिकाचा पुत्र सुलसदत याचे दान निघाले. यवन म्हणवणारे इरिल, चिट आणि चंद हे दाते पुढे आले, त्यांतल्या चिटाने भिक्षूंसाठी भोजनमंडप दिला होता. धान्याचे व्यापारी, कांसकार आणि बांबूचे काम करणारे यांच्या श्रेणी, म्हणजे व्यवसायसंघ, ठेवी सांभाळत होत्या आणि त्यांच्या उत्पन्नातून भिक्षूंचा खर्च चालत होता, हेही याच भिंतींवरून कळले. राजवाड्यांच्या इतिहासात जे कधी आले नसते असे कासार आणि बुरूड या लेखांमुळे महाराष्ट्राच्या लिखित इतिहासाच्या पहिल्याच पानावर आले आहेत, आणि जुन्नरचे मोल ठरवताना हीच गोष्ट सर्वांत वर ठेवली पाहिजे.

अक्षरे उलगडली तरी अंक मात्र सहजासहजी वश झाले नाहीत. जुन्नरच्या मानमोडी डोंगरात महाक्षत्रप नहपान याचा अमात्य, म्हणजे मंत्री, अयम याने पोढी, म्हणजे पाण्याचे टाके, आणि मंडप दिल्याचा लेख आहे. त्याच्या शेवटी वर्षाचा आकडा येतो, आणि तो आज ४६ असा वाचला जातो. पण त्या जागी कोरलेल्या दोन आकृत्यांचा आजच्या ४ आणि ६ यांच्याशी काही संबंध नाही असे पाहणाऱ्याला वाटते, कारण पहिली आकृती चार या अंकाची नसून चाळीस या संख्येची आहे आणि दुसरी सहाची आहे. त्या काळच्या पद्धतीत दहा, वीस, तीस, चाळीस यांना आपापली वेगळी चिन्हे होती आणि शंभर, हजार यांनाही होती; स्थानावरून किंमत ठरत नव्हती आणि शून्य वापरले जात नव्हते. नाशिकच्या लेण्यांनी या बाबतीत मोठी मदत केली, कारण तेथे नहपानाचा जावई उषवदात याच्या लेखात तीन हजार कार्षापणांची, म्हणजे त्या काळच्या नाण्यांची, कायम ठेव शब्दांत सांगून लगेच चिन्हांतही लिहिली आहे. शब्द आणि चिन्ह असे शेजारी शेजारी आले की अंदाजाला आधार मिळतो. जॉन स्टीव्हन्सन यांनी १८५० च्या दशकात आणि त्यांच्यानंतर मुंबईचे नामवंत डॉक्टर व संशोधक भाऊ दाजी लाड यांनी लेण्यांतील अंकांवर लिहिले, तरी या चिन्हांचा सर्वांत जुना आणि सर्वांत मोठा साठा मात्र अजून पूर्णपणे हाताळला जायचा होता.

तो साठा नाणेघाटात होता. जुन्नरहून कोकणात उतरणाऱ्या या प्राचीन व्यापारी वाटेच्या माथ्यावर, खिंडीच्या तोंडाशी, एक चौरस लेणे आहे. साइक्स १८२८ च्या उन्हाळ्यात येथे पोचले आणि तेथील लेखांची वार्ता विद्वानांपर्यंत त्यांनी नेली. आसपासची सगळी लेणी बौद्ध, तेव्हा हेही बौद्धच असावे असा समज प्रथम होणे स्वाभाविक होते, आणि साइक्स यांचा स्वतःचा कलही तिकडेच होता. १८४१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दीर्घ लेखात मुसलमानी आक्रमणापूर्वीच्या भारतात बौद्ध धर्माचा पगडा सर्वदूर होता असे मत त्यांनी मांडले. नाणेघाटाने मात्र वेगळीच साक्ष दिली. सातवाहन राजा सातकर्णी याची राणी नागनिका हिचा मानला जाणारा हा लेख धर्म, इंद्र, संकर्षण, वासुदेव, चंद्र, सूर्य आणि लोकपाल यांना वंदन करून सुरू होतो, आणि पुढे अश्वमेधासह अनेक वैदिक यज्ञांची व त्यांत दिलेल्या दक्षिणेची यादी देतो. निरीक्षक म्हणून साइक्स जितके विश्वासू होते तितके भाष्यकार म्हणून नव्हते, असाच निवाडा येथे द्यावा लागतो. त्यांचे अनुमान काळाने बाजूला सारले, पण त्यांनी दाखवलेली जागा कायम राहिली.

दक्षिणेची यादी म्हणजे संख्यांची रांगच. अकरा हजार गाई, एक हजार घोडे, चोवीस हजार चारशे कार्षापण, अशा संख्या ओळीओळीत येतात. भगवानलाल इंद्रजी यांनी १८७६-७७ मध्ये या लेखातील अंकांवर जे लिहिले, त्यामुळे या चिन्हांची रचना स्पष्ट झाली. चोवीस हजार चारशे लिहिताना कोरक्याने तीनच जोडचिन्हे काढली आहेत. पहिल्यात हजाराच्या चिन्हाला विसाचे चिन्ह जोडून वीस हजार केले, दुसऱ्यात हजाराला चार जोडून चार हजार केले, तिसऱ्यात शंभराला चार जोडून चारशे केले, आणि वाचणाऱ्याने या तिन्हींची बेरीज करायची. सतरा लिहायचे तर दहाचे चिन्ह आणि त्यापुढे साताचे. भगवानलाल यांनी या अंकचिन्हांची तुलना जैन आणि नेपाळी पोथ्यांच्या पानांवर घातल्या जाणाऱ्या अक्षररूपी अंकांशी केली आणि ही चिन्हे मुळात अक्षरेच असावीत असे मत मांडले. ते मत सर्वांना पटले नाही. तथापि पोथीच्या समासातली खूण आणि डोंगराच्या कड्यावरची खूण एकमेकींशेजारी ठेवून पाहण्याची ही दृष्टी त्या काळात विलक्षणच होती. इसवी सनापूर्वीच्या अखेरच्या शतकांतील हा लेख भारतातील अंकांच्या इतिहासात आजही पहिल्या पुराव्यांत गणला जातो, आणि त्यातील काही अंकांमध्ये, विशेषतः सहा, सात आणि नऊ यांमध्ये, आजच्या आकृत्यांचे पूर्वरूप ओळखू येते.

भगवानलाल यांच्याविषयी मराठी वाचकाला फारसे सांगितले जात नाही, ही खेदाची बाब आहे. १८३९ मध्ये जुनागढला जन्मलेला हा तरुण गिरनारच्या शिलालेखाच्या ओढीने या विषयात शिरला, मुंबईत भाऊ दाजींच्या हाताखाली तयार झाला आणि त्यांच्यासाठी देशभर फिरून लेखांच्या नकला करत राहिला. भाऊ दाजी १८७४ मध्ये वारल्यावर त्याने स्वतंत्रपणे काम केले. हॉलंडमधील लायडन विद्यापीठाने त्याला सन्मान्य डॉक्टरेट दिली, आणि जेम्स बर्जेस यांच्यासह त्याने तयार केलेला पश्चिम भारतातील लेण्यांच्या लेखांचा संग्रह १८८१ मध्ये निघाला. लिपी येत असलेल्या माणसाने स्वतः डोंगर चढून, स्वतः दगड पुसून, स्वतः नक्कल करावी हा संयोग साइक्स यांच्या पिढीत घडला नव्हता, तो येथे प्रथम घडला.

तिसऱ्या प्रकारच्या खुणा, म्हणजे लेखांच्या आगेमागे येणारी चिन्हे, सर्वांत उशिरा बोलू लागल्या. जुन्नर, कार्ले आणि इतर अनेक ठिकाणी, तसेच जुन्या नाण्यांवरही, एक चिन्ह सतत भेटते. त्यात खाली वर्तुळ असते आणि वर बैलाच्या शिंगांसारखी दोन बाजूंना वळलेली टोके, मध्ये आणखी एक टोक. कोणी त्याला त्रिशूळ म्हणे, कोणी बुद्ध, धर्म व संघ यांचे त्रिरत्न म्हणे, आणि त्याचे त्या काळचे नाव काय हा प्रश्न अधांतरीच राही. वाङ्मयात शोधून ते सापडत नव्हते, कारण चिन्हाचे चित्र कोणत्याही जुन्या ग्रंथात काढून ठेवलेले नव्हते. उत्तर मिळाले ते साष्टीत, कांदिवलीजवळच्या आकुर्ली येथील पडण नावाच्या काळ्या खडकाच्या टेकडीवर. तेथे खडकावर पावले आणि काही चिन्हे कोरलेली आहेत आणि त्यांच्यासोबत छोटे ब्राह्मी लेख आहेत. त्यांतील एका लेखात या चिन्हालगत त्याचे नावच कोरलेले भगवानलाल यांना आढळले, ते म्हणजे नंदिपद, नंदीच्या पायाची खूण. अभ्यासक आज हे चिन्ह त्याच नावाने ओळखतात.

हा शोध ज्या निबंधात आला त्याचा मुख्य विषय सोपारा होता. १८८२ च्या एप्रिल महिन्यात वसईजवळच्या या प्राचीन बंदरातील, बुरूड राजाचा कोट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या टेकाडावर भगवानलाल यांनी जेम्स कॅम्पबेल यांच्या साहाय्याने खोदकाम केले. विटांच्या स्तूपाच्या मध्यभागी दगडी करंडक निघाला. त्यात तांब्याचा डबा आणि त्याच्याभोवती आठ धातूच्या बुद्धमूर्ती होत्या. डब्याच्या आत एकात एक बसवलेल्या आणखी डब्या, सोन्याची फुले, मातीच्या भिक्षापात्राची मानली गेलेली खापरे आणि सातवाहन राजा यज्ञ सातकर्णीचे चांदीचे नाणे होते. अशोकाच्या आठव्या शिलाशासनाचा तुकडाही त्याच वर्षी सोपाऱ्यात मिळाला. सोपाऱ्याच्या सोन्याने त्या वेळी सर्वांचे लक्ष वेधून घेतले, आणि पडणच्या उघड्या खडकावरचा एका शब्दाचा लेख तुलनेने बाजूला राहिला. चिन्हांच्या अभ्यासाच्या दृष्टीने पाहता त्या एका शब्दाचे वजन करंडकापेक्षा कमी नाही, कारण करंडक एका स्तूपाविषयी सांगतो, तर तो शब्द शेकडो ठिकाणच्या चिन्हाला नाव देतो.

जुन्नरच्याच पुणे जिल्ह्यात बारामती तालुक्यातील लोणी भापकर येथे याच्या उलट परिस्थिती पाहायला मिळते. तेथील मल्लिकार्जुन मंदिर मध्ययुगातले, यादवकालीन परंपरेतले. जवळच बांधीव पुष्करिणी आहे आणि वराहाची चार पायांवर उभी, अंगावर झुलीसारखे बारीक कोरीव काम असलेली दगडी मूर्ती आहे. हा यज्ञवराह. पुराणांनी वराहाचा एकेक अवयव यज्ञाच्या एकेका अंगाशी जोडून दिला आहे, पाय म्हणजे वेद, सुळे म्हणजे यूप, अर्थात यज्ञस्तंभ, जीभ म्हणजे अग्नी, अंगावरचे केस म्हणजे दर्भ. त्यामुळे ही मूर्ती पाहणाऱ्याला तिचा अर्थ शोधण्यासाठी खडकावरच्या लेखाची वाट पाहावी लागत नाही, तो ग्रंथांतून आणि कीर्तनातून अखंड चालत आला आहे. नंदिपदाच्या वाट्याला हे भाग्य आले नाही. नाणेघाटच्या लेखात ज्या यज्ञांची यादी आहे, त्यांचेच रूपक हजारएक वर्षांनी लोणी भापकरच्या शिल्पात उभे राहिले, पण त्या यज्ञांच्या काळी ब्राह्मी वाचणाऱ्यांची जी परंपरा होती ती मधेच तुटली, आणि ती पुन्हा जोडायला साइक्स, प्रिन्सेप, भाऊ दाजी आणि भगवानलाल अशा चार वेगळ्या माणसांचे श्रम लागले.

नाणेघाटच्या लेण्यात मागच्या भिंतीवर सातवाहन घराण्यातील व्यक्तींच्या मूर्ती कोरलेल्या होत्या. सिमुक सातवाहन, देवी नागनिका आणि राजा सातकर्णी, महारठी त्रणकयिर, कुमार हकुसिरी अशी नावे त्यांच्यावर लिहिली होती. आज मूर्ती नाहीत, पायांचे थोडे अवशेष आणि नावे तेवढी उरली आहेत, आणि बाजूच्या भिंतींवरील लेखातील कित्येक अक्षरे पुसली गेली आहेत. अशी हानी नाणेघाटापुरतीच नाही: अनेक गावांत वीरगळांवर तैलरंग चढतो आहे, बारवांच्या पायऱ्यांवर सिमेंट पडते आहे, देवळांचे जुने दगड जीर्णोद्धारात भरावाला जात आहेत. आपल्या गावात दगडावर कोरलेले एखादे अक्षर, अंक किंवा चिन्ह दिसले, तर त्याचा अर्थ कळत नसला तरी मोजपट्टी शेजारी ठेवून त्याचे छायाचित्र घ्यावे, जागा आणि दिशा नोंदवावी, दगड हलवू नये, आणि ती नोंद राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे किंवा पुण्याच्या डेक्कन कॉलेजकडे पाठवावी.